440 मध्ये शनी कुठून आला?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत अंकज्योतिषवाल्यांनी लिहिलं की नागपूरच्या पिनकोडचे पहिले तीन आकडे 440, त्यांची बेरीज 8, आणि 8 म्हणजे शनी, म्हणून इथल्या लोकांची कामं रखडतात. अहो, कामं रखडायला खोदून ठेवलेले रस्ते पुरेसे आहेत ना, शनीला कशाला त्रास.

440 म्हटलं की आपल्याला विजेच्या डीपीवरची 440 व्होल्टची कवटीवाली लाल पाटीच आठवते, पण आकडा खरंच भारी आहे. 2, 3, 5, 7 अशा मूळ संख्या ओळीनं मिळवत जा, नववी म्हणजे 23 मिळवली की बरोब्बर 100 होतात, तिथं थांबू नका, सतरावी 59 मिळवली की 381 चे होतात 440. पोरीला किराण्याच्या बिलामागे करायला लावलं तर ती 51 पण धरून चालली होती, म्हटलं सतरा त्रिक किती, मग स्वतःच खोडलं. आणखी एक, 1×2, 2×3, 3×4 असं 10×11 पर्यंत करून सगळ्यांची बेरीज घ्या, परत 440! हे काही नशिबानं नाही होत, अशी बेरीज नेहमी शेवटच्या जोडीला पुढच्या आकड्यानं गुणून 3 नी भागली की येते, इथं 10×11×12 म्हणजे 1320, भागिले 3.

आता तो 8. त्यानं 440 ला भाग जातो, 55 वेळा, बाकी शून्य. अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद संख्या हे नाव आपल्या देवळालीच्या गणिती कापरेकर मास्तरांनी दिलं. पण ही गंमत दहाच्या पद्धतीत लिहिलं म्हणून आहे, हीच संख्या आठच्या पद्धतीत, म्हणजे 0 ते 7 एवढेच आकडे वापरून, लिहिली तर 670 होते, बेरीज 13, भाग जात नाही. मग शनी पण गेला का पद्धत बदलली म्हणून? सतरा मूळ संख्यांची बेरीज मात्र कशीही लिहा, तीच राहते. मला तरी हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

आणि पिनकोड 1972 साली आला, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी तो आखला तो टपाल नीट वाटलं जावं म्हणून. पहिला 4 तर महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगढ सगळ्यांचाच आहे, त्यात आपल्या नागपूरच्या बर्डी-महालचा काय दोष. शहराबाहेर कामठी, काटोल, रामटेककडे गेलं की 441 लागतो, तो तर 21 चा वर्ग, शिवाय 1 ते 6 च्या घनांची बेरीज पण तेवढीच, करून बघा.

22 डिसेंबरला गणिती रामानुजनच्या जयंतीला त्यांच्या नावाशी जोडलेली 1729 ही संख्या छापता ती छापाच, पण यंदा 440 ला पण मुलांच्या पानावर थोडी जागा द्या. कमी पडली तर अंकज्योतिषाची घ्या, माझी काही हरकत नाही.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर