जुन्या ए. बी. रोडच्या इतिहासासाठी सभासदांना आवाहन

स. न. वि. वि.

इंदूरमध्ये देवास नाक्यापासून पलासिया, गीता भवन, नवलखा, भंवरकुआँ असा राऊकडे जाणारा आपला ए. बी. (आग्रा-बॉम्बे) रोड एके काळी आग्रा-मुंबई राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ चा भाग होता. बायपास झाल्यावर जड वाहतूक गावाबाहेरून गेली, २०१० च्या फेरबदलात इंदूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गाला ५२ हा क्रमांक मिळाला आणि ३ हा आकडा थेट अटारी-लेह रस्त्याकडे गेला. २०१३ मध्ये इथे बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली, २०२५ मध्ये ती काढण्याचे ठरले. प्रत्येक खोदकामात जुनी एखादी खूण नाहीशी होते, म्हणून या पट्ट्याचा सचित्र इतिहास पुस्तिकारूपाने छापण्याचा ठराव मंडळाने केला आहे. रेल्वे येण्यापूर्वी आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचे पूर्वज शिरपूर-सेंधव्यावरून, खलघाटाला नर्मदा ओलांडून, मानपूरचा घाट चढून याच वाटेने होळकरांच्या राज्यात आले, हे निराळे सांगायला नको.

हे काम इथवर आले ते आपल्या पेट्रोलपंपवाल्या काकांमुळे. ट्रकचालकांशी गप्पा मारत त्यांनी भरलेल्या वह्या, त्यांत मुक्कामाची गावे, डिझेलचे भाव आणि ढाब्यांवरच्या उधाऱ्यासुद्धा, त्यांच्या सूनबाईंनी आपण होऊन मंडळाला आणून दिल्या. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या आपल्या माजी अध्यक्षांनी एका चहाच्या टपरीमागे कमरेइतका गाडला गेलेला मैलाचा दगड शोधला; चुन्याचे थर खरवडल्यावर त्यावर ‘आग्रा’ ही अक्षरे निघाली. महिला शाखेने दिवाळी फराळाचा सारा नफा छायाचित्रांसाठी दिला. या सर्वांचे ऋण मंडळ विसरणार नाही.

गेल्या वर्षीच्या पत्रकाला मात्र मोजक्याच घरांतून उत्तर आले. सहलीची यादी एका संध्याकाळीत भरते आणि या कामासाठी स्मरणपत्रे पाठवावी लागतात, याचे वाईट वाटते.

छपाईस सव्वा लाख रुपये लागतील, निम्मे जमले आहेत. देणगी रोख अथवा मंडळाच्या नावे धनादेशाने, कार्यालयात सायं. ६ ते ८ (सोमवार बंद), पावती लगेच मिळेल. जुनी छायाचित्रे, तिकिटे, पत्रे समोरच स्कॅन करून परत देऊ, पाठीमागे नाव व साल पेन्सिलीने लिहावे. मुद्रकाला मजकूर दसऱ्याला द्यायचा आहे.

आपला नम्र,
चिटणीस