गोदाकाठचा सिंह

पुणे,
१२ ऑक्टोबर

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. लेकीचा प्रश्न तू तिच्याच शब्दांत लिहून पाठवलास, हे फार बरं केलंस. "कवीला जे म्हणायचंय ते तो सरळ का सांगत नाही?" याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. ती आता कॉलेजात जाते, तेव्हा पत्र तिलाही वाचायला दे.

मला तिला गोदावरीच्या काठावर न्यायचं आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशेच्या आसपास गाथा, म्हणजे दोन-दोन ओळींच्या कविता, आहेत. त्यातली एक 'भम धम्मिअ वीसत्थो' अशी सुरू होते. एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते आहे : महाराज, आता खुशाल हिंडा. ते कुत्रं होतं ना, त्याला गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहानं आज मारून टाकलं.

संपली गाथा. वरवर पाहिलं तर बाई त्याला निर्धास्त करते आहे. पण जो कुत्र्याला घाबरत होता, त्याला ती सांगते आहे की कुत्रं गेलं आणि सिंह आला! तो पुन्हा त्या झाडीकडे फिरकेल का? तिला नेमकं तेच हवं आहे. ती झाडी म्हणजे तिची आणि तिच्या प्रियकराची भेटण्याची जागा. हा सज्जन तिथे फुलं तोडायला येतो आणि त्यांचा एकांत मोडतो. 'या' म्हणता म्हणता तिनं 'येऊ नका' म्हटलं, आणि त्या माणसाला ते कळलंही नाही. कळलं ते आपल्याला.

आता लेकीचा प्रश्न इथे लावून बघ. या बाईनं सरळ सांगावं तरी कसं? "तिकडे येऊ नका" म्हटलं की "का?" आलंच, आणि त्या 'का'चं उत्तर गावात उच्चारण्यासारखं नाही. म्हणजे आडवळण हा तिच्या बोलण्यावर चढवलेला दागिना नाही. तिच्यापुढे बोलण्याची ती एकच वाट आहे. मला वाटतं, चांगल्या कवितेतला सूचित अर्थ बहुतेक वेळा असाच येतो. सरळ वाट बंद असते, निदान अपुरी तरी असते, म्हणून येतो. ज्या कवितेत सरळ सांगूनही काही बिघडलं नसतं आणि तरी कवीनं कोडं घातलं, ती मला आवडत नाही, मग ती कितीही गाजलेली असो.

ही गाथा पुढे कुठे पोचली पाहा. नवव्या शतकात, राजा अवंतिवर्म्याच्या काळात, काश्मीरमध्ये आनंदवर्धन नावाचा पंडित 'ध्वन्यालोक' लिहायला बसला. 'काव्याचा आत्मा ध्वनी' हे त्याचं म्हणणं. घंटेवर टोल पडून गेल्यावरही नाद मागे घुमत राहतो, तसा शब्दाचा नेहमीचा अर्थ सांगून झाल्यावर जो दुसरा अर्थ उमटतो, तो ध्वनी. वरवरचा अर्थ 'ये' आणि आतला 'येऊ नको' असं जिथे होतं, तिथलं उदाहरण म्हणून त्यानं हीच गाथा घेतली. गोदाकाठच्या या बाईचं बोलणं काश्मीरच्या पंडितांनी पुढे कित्येक पिढ्या चर्चेत ठेवलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

ते भांडलेही तिच्यावरून. महिमभट्ट नावाचा तिथलाच एक पंडित म्हणाला, यात वेगळा ध्वनी कशाला मानायचा? धूर पाहून अग्नी ओळखतो तसं हे साधं अनुमान आहे : तिथे सिंह आहे, म्हणून भित्र्या माणसानं जाऊ नये. त्यावर मम्मट या पंडितानं आपल्या 'काव्यप्रकाश' ग्रंथात दिलेलं उत्तर मला फार पटतं. भित्रा माणूससुद्धा गुरूच्या आज्ञेनं किंवा प्रेमापोटी धोक्याच्या जागी जातोच. आणि मुख्य म्हणजे, तिथे सिंह आहे हे कशावरून? या बाईच्या सांगण्यावरून! ती खरं बोलते आहे याला पुरावा काय? अनुमानाला पक्का हेतू, म्हणजे खात्रीचा आधार, लागतो, आणि इथे तर सिंहच संशयास्पद आहे. तरीही अर्थ आपल्यापर्यंत पोचतो. कोण बोलतंय, कुणाशी, कुठे, हे ऐकणाऱ्याला जाणवतं आणि उरलेलं काम तो करतो. असं ऐकणाऱ्याला आपल्याकडे 'सहृदय' म्हणत आले आहेत.

म्हणूनच तेच वाक्य माणसागणिक बदलतं. 'सूर्य मावळला' या एवढ्याशा बोलण्याचं मम्मटानं किती काय करून दाखवलंय! गुराख्याला ते गुरं परत आणायला सांगतं, ब्राह्मणाला संध्येची वेळ झाल्याचं, दुकानदाराला माल आवरायचं. वाट पाहणाऱ्या बाईला कळतं की तो आजही आला नाही. शब्दकोशात यातलं एकही सापडणार नाही.

कधी तर एका नावात सगळं भरलेलं असतं. आनंदवर्धनानं दिलेल्या एका श्लोकात पावसाळा दाटून आलाय, बगळे उडताहेत, मोर ओरडताहेत आणि सीता जवळ नाही. राम म्हणतो, मी कठोर हृदयाचा, राम आहे, सगळं सोसतो, पण वैदेहीचं काय होईल? स्वतःचं नाव तो ओळख करून द्यायला घेत नाही. राज्य गेलं, वडील गेले, वनवास आला, बायको हरवली, हे सारं ज्यानं सोसलं तो मी, एवढं त्या दोन अक्षरांत आहे. दुःखांची यादी दिली असती तर आपण ती वाचून पुढे गेलो असतो. इथे आपण थबकतो, कारण ती यादी आपणच आठवायची असते.

लेकीला संस्कृत-प्राकृत लांबचं वाटलं तर तिला भोंडल्याचं गाणं आठवायला सांग. 'कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपुल्या माहेरा.' सून वेल लावते. मग त्याला कारली येऊ दे, मग भाजी कर, मग जेव, मग उष्टं काढ. सासू 'जाऊ नको' असं एकदाही म्हणत नाही. प्रत्येक ओळीत 'जा'च म्हणते. सून कंटाळली, रडली, असंही कुणी सांगत नाही. आणि तरी फेर धरून गाणाऱ्या बायकांना सगळं ठाऊक असायचं, कारण त्यांतल्या कित्येकींच्या घरी असाच वेल चढत होता. त्या गोदाकाठच्या बाईत आणि या सुनांत दीड-दोन हजार वर्षं गेली असतील, पण 'ये' म्हणून 'येऊ नको' आणि 'जा' म्हणून 'जाऊ नको' सांगण्याची रीत तीच. ती गाणी रचणाऱ्या बायकांची नावं आपल्याजवळ नाहीत. माझ्या लेखी त्या आनंदवर्धनाच्या पंगतीत बसतात.

एक काम कर. मी या गाण्याचे दोन शेवट ऐकलेत. एकात वेणी घालून सुनेला माहेरी पाठवतात, दुसऱ्यात तिच्या पाठीत काठी बसते. दुसऱ्यात झाकलेलं उघड्यावर येतं, आणि त्यानं गाणं जास्त बोचतं की कमी, यावर माझा निर्णय होत नाही. काकूंकडे सातारच्या बाजूला कोणता शेवट म्हणायचे ते विचार, आणि लेकीला कोणता पटतो तेही लिही. काकूंना माझा नमस्कार.

तुझा,
विनू