मंत्रिमहोदय, एक सराव पाठ वीरगळीपाशी घेऊ द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा आपले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आनंद आहेच. पण आम्ही डी.एल.एड.चे (प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेचे) छात्राध्यापक चौथीला शिवचरित्र शिकवतो ते थर्माकोलचा गड आणि एक तक्ता घेऊन. पाठ टाचणात 'शैक्षणिक साहित्य' या रकान्यात तेच लिहायचं, निरीक्षकही तेच बघतात.

रायगड बहुतेक शाळांपासून लांब आहे. वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेली शिळा, मात्र कितीतरी गावांत देवळाबाहेर उभी असते. आंतरवासितेत, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावाच्या काळात, मी मुलांना अशाच एका दगडापाशी नेलं. शेंदराखाली चौकटी दिसत होत्या: खाली लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर पिंडीपुढे हात जोडलेला तोच वीर, माथ्यावर चंद्र-सूर्य. "बाई, खाली गाई का काढल्यात?" एकीने विचारलं. गाई सोडवताना तो पडला असणार, म्हटलं. "मग त्याचं नाव कुठंय?" नाव नव्हतंच. तास त्यातच संपला. तो पाठ सराव पाठांत धरला गेला नाही, कारण फळा नव्हता!

आमच्यातही एकमत नाही. पोरं उधळतील, रस्त्यात काही झालं तर जबाबदारी कोणाची, असं काहीजण म्हणतात. माझ्या मते खरी धास्ती वेगळीच आहे. गाव सांगतं, देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं. बाईंनी देवगिरीच्या यादव राजांचं नाव घेतलं आणि कुणाच्या भावना दुखावल्या तर? दोन्ही सांगावं, आख्यायिका आख्यायिका म्हणून सांगावी, असं मला वाटतं. पण नव्या शिक्षिकेच्या पाठीशी तेव्हा कोण उभं राहणार? त्यात वीरगळ कशी वाचायची हे आम्हालाच कुणी शिकवलेलं नाही.

म्हणून मागणं एवढंच. सराव पाठांपैकी एक तरी वारसास्थळी घेतलेला ग्राह्य धरा. तालुक्यातल्या लेण्या, बारवा, वीरगळींची माहिती जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने पुरातत्त्व विभागाकडून तपासून आम्हाला द्यावी. वाद झालाच तर दाखवायला हातात कागद राहील. आणि गावातल्या गावात मुलांना चालत न्यायला मुख्याध्यापकांची परवानगी पुरेशी माना. बसभाडं आम्ही मागत नाही.

पुढच्या तुकडीचे सराव पाठ सुरू व्हायच्या आत परिपत्रक निघालं तर बरं होईल.

आपली,
डी.एल.एड. द्वितीय वर्षाची एक छात्राध्यापिका