दाताची ददात मिटली म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला इम्प्लांटवरचा, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्यावरचा, लेख वाचला. आमच्याकडे पेपर दुपारी एकला येतो, त्यामुळे वाचला जेवणानंतर, आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय. म्हणून आज सकाळीच लिहायला बसले.

लेखात इम्प्लांटची सुरुवात करणारे स्वीडनचे डॉ. ब्रॉनेमार्क आले, सशाच्या हाडात घट्ट बसलेलं टायटॅनियम आलं, १९६५ सालचा पहिला रुग्ण आला आणि त्याचे दात २००६ मध्ये तो जाईपर्यंत कसे टिकले तेही आलं. सगळं खरं आहे, माझं काही म्हणणं नाही. पण त्या चाळीस वर्षांत ते दात साफ कसे ठेवायचे, हिरड्या कोण तपासायचं, याबद्दल एक ओळसुद्धा नाही. जगातला पहिलाच रुग्ण, त्याच्यावर डॉक्टरांची नजर असणारच. आमच्यावर कोणाची असते? लेखकमहाशयांनी सरळ लिहून टाकलं की, एकदा बसवून घ्या आणि दाताची ददात कायमची मिटवा. आणि अगदी शेजारी, त्याच पानावर, तीन दिवसांत पक्के दात बसवून देणारी जाहिरात! योगायोग म्हणायचा.

आता माझं ऐका. २०१७ च्या मे महिन्यात मुलाकडे डोंबिवलीला गेले होते, तेव्हा तिकडच्या एका दवाखान्यात उजवीकडच्या खालच्या दोन दाढांच्या जागी स्क्रू बसवले. दिवाळीनंतर त्या स्क्रूंवर दात लावले. डॉक्टर हसून म्हणाले, ‘‘आजी, आता निश्चिंत राहा, टायटॅनियमला कीड लागत नाही.’’ ते खरंच आहे, कीड लागत नाही. कीड हिरडीला लागत नाही, दाताला लागते, एवढं मलाही कळतं. पण हिरडीला काय होतं, ते सांगायचं राहून गेलं. साखर किती आहे हे विचारलं नाही. मशेरी लावता का, हेही विचारलं नाही.

लावत होते. शिक्षिका होते तरी रोज पहाटे चुलीपाशी बसून लावत होते आणि मग शाळेत जाऊन मुलांना स्वच्छतेचा धडा शिकवत होते. आमच्या पिढीत घरोघरी हेच होतं. हे छापलंत तरी चालेल, नाव मात्र छापू नका, गावात माझे विद्यार्थी आहेत.

दोन-तीन वर्षांनी ब्रश करताना त्या बाजूला रक्त दिसायला लागलं. दुखत काही नव्हतं. वाटलं, उष्णता झाली असेल. तुरटीच्या गुळण्या केल्या, हळद लावली, सोलकढी वाढवली. रक्त येतंय म्हणून त्या बाजूला ब्रश फिरवणंच सोडलं, जाऊबाई म्हणाल्या, ‘‘नाजूक झालंय गो, हात लावू नको.’’ नेमका हाच उलटा शहाणपणा झाला. माझी भाची दंतवैद्यक शिकलेय, ती नंतर डोक्याला हात लावून म्हणाली, ‘‘मावशी, रक्त येतं तिथेच जास्त साफ करायचं असतं गं.’’

तिने जे समजावलं ते खरं तर आपल्या लेखात पहिल्या परिच्छेदात यायला हवं होतं. आपल्या दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू असतात. इम्प्लांटला ते नसतात, तो थेट हाडाला धरून असतो. वरची हिरडी त्याला नुसती कवटाळून बसलेली असते आणि तिथे रक्तपुरवठाही कमी. घाण साचली की आधी फक्त हिरडी सुजते. तेव्हाच नीट साफ केलं तर ती पूर्ववत होते. दुर्लक्ष केलं की सूज खाली हाडापर्यंत उतरते, आणि गेलेलं हाड सहसा परत येत नाही. हे सगळं बहुतेक वेळा न दुखता चालतं. आमच्या परसातल्या गडग्याचं, म्हणजे दगडी कुंपणाचं, असंच झालं होतं. दगड सगळे जागच्या जागी, आणि खालची माती पावसाने कधी नेली ते कोणाला कळलंच नाही.

२०२२ मध्ये हिरडी दाबली की पू यायला लागला, तेव्हा चिपळूणला एका दंतवैद्यांकडे गेले. त्यांनी बारीक दांडीने हिरडीची खोली मोजली, एक्स-रे काढला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘इम्प्लांट कोणत्या कंपनीचा?’’ मला काय ठाऊक! वरचा दात काढून बघायचा तर आतल्या स्क्रूला नेमकी कोणती किल्ली लागते ते कळायला हवं, आणि ती कंपनीगणिक वेगळी असते. मग विचारलं, दात लावला त्या दिवशीचा एक्स-रे आहे का? तो असता तर हाड किती उतरलं ते शेजारी ठेवून बघता आलं असतं. माझ्याकडे ना कार्ड, ना एक्स-रे. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात कितीजणांची कागदपत्रं वाहून गेली. माझी तशी गेली असती तर निदान पुराला बोल लावला असता. पण ती मला कधी मिळालीच नव्हती. मुलाने डोंबिवलीच्या दवाखान्यात जाऊन पाहिलं, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.

त्यात आणखी एक निघालं. मागच्या दाढेच्या हिरडीखाली मोहरीच्या दाण्याएवढा सिमेंटचा खडा राहिला होता. वरचा दात चिकटवताना बाहेर आलेलं सिमेंट पुसायचं असतं, ते राहिलं. त्याच्याभोवती सगळं साचत गेलं. गवंडीसुद्धा जांभ्याचे दर्जे भरल्यावर थापीने खरडून घेतो हो.

मागचा स्क्रू हलायला लागला होता, तो काढावाच लागला. पुढचा वाचला. डॉक्टरांनी साध्या लोखंडी हत्यारांनी न खरवडता वेगळ्या, टायटॅनियमवर ओरखडे न पाडणाऱ्या हत्यारांनी साफ केला. आता दर तीन महिन्यांनी जाते, ते हिरडी मोजतात, वर्षातून एकदा एक्स-रे. मशेरी सुटली. साखर आटोक्यात ठेवते, कारण ती चढली की हिरडी भरून येत नाही, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय.

आणि घरी रोज रात्री पाच मिनिटं. मऊ ब्रश, आणि फटीतून फिरवायचा तो छोटा ब्रश. मेडिकलमध्ये मागायला गेले तर दुकानदार, माझाच सातवी ‘ब’मधला विद्यार्थी, मोठ्याने म्हणाला, ‘‘बाई, हा बाळाच्या बाटलीचा का?’’ दुकानात सहा माणसं. पण हसण्यासारखंच आहे ते, बाटली धुवायचा ब्रश नखाएवढा करावा तसं दिसतं. त्याची आतली तार प्लॅस्टिकने मढवलेली बघून घ्यायची, उघडी तार इम्प्लांटला घासते. आणि फटीच्या मापाचा घ्यायचा, वेगवेगळी मापं मिळतात, डॉक्टरांना दाखवून. पहिल्या आठवड्यात रक्त येतं, घाबरायचं नाही. माझं दहाव्या दिवशी थांबलं.

संपादकसाहेब, हे एवढं छापायला किती जागा लागली असती? त्या हसणाऱ्या आजीआजोबांचा फोटो जरा लहान केला असता तरी मावलं असतं. गणपतीत चाकरमानी मुलं घरी येतात, आईबापांचे पडके दात बघून हळहळतात आणि नंतर मुंबईला नेऊन बसवून आणतात. प्रेमाने करतात. पण बसवणारा मुंबईत, दात कोकणात, आणि तपासायला कुणी नाही. बसवून घेतानाच कंपनीचं नाव, स्क्रूचं माप आणि पहिला एक्स-रे मागून घ्या, एवढं तरी पुढच्या रविवारी छापा. जाहिरातदार रागावणार नसतील तर.

जाता जाता. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, मोडला म्हणून मी आपल्याला दोन पानी पत्र लिहिलं होतं. आपण ते कापून चार ओळींचं केलंत, त्याचंही काही वाटलं नाही. पण ‘साकव मोडला’चं ‘सावकार मोडला’ छापलंत. त्यानंतर महिनाभर लोक मला विचारत होते, बाई, कोण हो तो? हे पत्र छापलंत तर निदान ‘हिरडी’चं ‘हिरडा’ करू नका.

आपली जुनी वर्गणीदार,
एक निवृत्त शिक्षिका
ता. चिपळूण, जि. रत्नागिरी

ता. क. : साकव अजून तसाच आहे. पलीकडच्या वाडीतली मुलं ओढ्यातूनच शाळेत येतात.