जुनं ऑइल ओतून देण्याआधी चुंबक फिरवा

संपादक महोदय,

गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या खडखडत आमच्याकडे येतात आणि मालक सांगतो, जाड ऑइल घाला, आवाज बसेल. बसतोही, चार दिवस! त्यापेक्षा जुनं ऑइल फडक्यातून गाळा, ऑइल फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्या उलगडा. सापडलेल्या कणांवर चुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड-पोलाद: रिंग, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन यांची झीज. न चिकटणारी तांबूस चमकी दिसली, तर बेअरिंगचा वरचा थर बहुधा झिजलाय. पेट्रोल गाडीत इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरची ठिणगी (स्पार्क प्लगचा करंट) तोडून ऐका. खडखडाट मंदावला, तर त्याच सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग तपासा. असली गाडी फोंडाघाट चढवायची नाही, टो करायची. आणि न उघडताच ‘इंजिन गेलं’ म्हणणाऱ्याकडे (आमच्या धंद्यात कमी नाहीत) आधी कापलेला फिल्टर मागा.

एक गॅरेजवाला, कणकवली