एकाच पाण्याचे दोन गुण

कसबा पेठ, पुणे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लालबुंद पोलादी छिन्नी पाण्यात बुडवताच कठीण झाली, आणि आपल्या तांबट आळीत मात्र लाल केलेले तांबे पाण्यातून काढले की हाताने वाकते, असे का, हा तू फोनवर विचारलेला प्रश्न दोन दिवस माझ्या मनातून गेला नाही. घाईने सांगण्यापेक्षा लिहिलेले बरे.

आधी तांब्याचे. पत्रा ऐरणीवर ठेवून ठोकू लागलो की सुरुवातीला तो मुकाट्याने पसरतो. पण घाव वाढत जातात तसा तो ताठ होतो, आवाज खणखणीत येऊ लागतो, आणि तरीही ठोकत राहिले तर काठाला चीर जाते. धातूच्या आत अणूंचे थर असतात. एक अख्खा थर एकदम सरकत नाही. मोठी सतरंजी ओढण्याऐवजी तिला सळ पाडून ती सळ पुढे ढकलावी, तसा तो थोडाथोडा सरकतो. अणूंच्या रचनेत अशा सळा असतात, हे टेलर, ओरोवान आणि पोलानी या तीन शास्त्रज्ञांनी 1934 साली स्वतंत्रपणे मांडले. आपल्या प्रत्येक घावाने सळा वाढतात, एकमेकींत अडकतात, आणि पत्रा हटून बसतो.

मग आपण तो भट्टीत घालतो. तांबे 1085 अंशांना वितळते, पण तिथवर जावे लागत नाही. मंद लाल रंग आला की सळांनी गुंतलेल्या जुन्या स्फटिक-कणांच्या जागी नवे, मोकळे कण तयार होतात. नरमपणा येतो तो इथेच, आगीत. पाण्याने फक्त वेळ वाचतो आणि वरची काळी खपली सुटते. हवेत निवू दिले तरी तांबे तेवढेच नरम राहील.

पोलादाची गोष्ट निराळी, कारण त्यात कार्बन असतो आणि लोखंडाला अणू रचण्याच्या दोन तऱ्हा आहेत. शुद्ध लोखंड 912 अंशांच्या वर गेले की त्याची रचना बदलते आणि त्या रचनेत कार्बन सहज सामावतो. तापलेले पोलाद सावकाश निवले तर कार्बनला बाजूला व्हायला अवधी मिळतो. पाण्यात बुडवले तर तो आतच कोंडला जातो, रचना ताणली जाते आणि सळांना सरकायला वाट उरत नाही. म्हणून छिन्नी कठीण होते आणि ठिसूळही, आणि म्हणूनच तिला नंतर पुन्हा बेताने तापवावे लागते. तांब्याला अशी दुसरी रचनाच नाही. तापल्या लोखंडावर घाव घालावा ही म्हण लोहाराची आहे. आपण तांबट शेवटचे घाव थंड धातूवरच घालतो.

त्या शेवटच्या घावांबद्दल मला विशेष सांगायचे आहे. मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठिपके पाडत जाणे, लोकांना नक्षी वाटते, पण त्या चमकत्या ठिपक्यांनीच पातळ पत्र्याला ताठपणा येतो. शिकत असताना मी एक मठारलेले पातेले डाग काढण्यासाठी पुन्हा लाल केले होते. डाग गेला, ठिपके जसेच्या तसे दिसत होते, पण अंगठ्याने दाबताच बुडाला खळगा पडला. तुझ्या आजोबांनी काही न बोलता ते माझ्या हातात दिले आणि पुन्हा पहिल्यापासून मठारायला लावले.

दिवाळीला येशील तेव्हा तांब्याच्या पत्र्याचे दोन तुकडे लाल करू. एक पाण्यात निववू, एक हवेत, आणि दोन्ही तू स्वतः वाकवून पाहा.

तुझे बाबा