दीडशे वर्षांचे पेन्शनर आणि १ जूनचे वाढदिवस

महोदय,

अमेरिकेत सरकारी खर्च कमी करण्यासाठी २०२५ मध्ये इलॉन मस्क यांच्या पुढाकाराने नेमलेल्या ‘डॉज’सारखे बाहेरच्या तंत्रज्ञांचे पथक मंत्रालयातही आणावे आणि जुन्या यंत्रणा एकदाच्या मोडीत काढाव्यात, अशी मागणी आपल्याकडे अधूनमधून होते. कारभारावरचा वैताग रास्तच आहे. पण त्या प्रयोगात तांत्रिक बाजूने काय चुकले, हे न पाहता ती मागणी रेटणे धोक्याचे आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पेन्शन योजनेच्या नोंदींत दीडशे वर्षांची माणसे असल्याचे जाहीर करून त्यांना पैसे जात असल्याचे सुचवले. लगेच एक खुलासाही फिरू लागला, की कोबोलमध्ये, म्हणजे ही यंत्रणा ज्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिली आहे तिच्यात, तारीख कोरी राहिली तर १८७५ साल धरले जाते. तोही चुकीचा. कोबोलमध्ये १८७५ ची अशी कोणतीही ठरलेली तारीख नाही. तिच्या दिवस मोजणाऱ्या फंक्शनचा पहिला दिवस १ जानेवारी १६०१ आहे. खरे कारण खात्याच्याच महानिरीक्षकांनी जुलै २०२३ च्या अहवालात लिहून ठेवले होते. १९२० किंवा त्याआधी जन्मलेल्या सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांच्या नोंदीत मृत्यूची तारीखच नाही. त्यांपैकी पैसे जात होते ते सुमारे ४४ हजार जणांना, आणि शंभरी ओलांडलेली माणसे खरोखर असतात. ११५ वर्षे पुरी झाली की पैसे आपोआप थांबवण्याची सोय २०१५ पासून आहे. या जुन्या नोंदी दुरुस्त करायला ५५ ते ९७ लाख डॉलर लागले असते, म्हणून खात्याने ते काम हाती घेतले नाही. नोंदवहीत नाव असणे वेगळे आणि पगारपत्रकात नाव असणे वेगळे, हे कोणत्याही आस्थापना लिपिकाने पाच मिनिटांत सांगितले असते.

आपल्याकडचेच पाहा. राज्यातल्या कोणत्याही खात्याच्या जन्मतारखा काढल्या, तर १ जूनला जन्मलेल्यांचा ढीग दिसेल. बाहेरच्या माणसाला तो बनावट नोकरभरतीचा पुरावा वाटेल. प्रत्यक्षात शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली ती तारीख आहे. शिवाय महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला निवृत्तांची रांग लागते. हे ठाऊक नसलेल्याने ‘संशयास्पद’ म्हणून त्या नोंदी गोठवल्या, तर हजारो घरांतली पहिली पेन्शन अडकेल.

जुनी भाषा बदलणे सोपे वाटते. अडचण नियमांत असते. सोशल सिक्युरिटीत मूळ लाभाची रक्कम खालच्या दहा सेंटांवर उतरवतात आणि हाती पडणारी रक्कम खालच्या पूर्ण डॉलरवर. कोबोल दशमान आकडे दशमानच ठेवते. आजच्या बहुतेक भाषांत साधा अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठतो आणि त्यात ०.१ नेमका बसत नाही. त्यामुळे ०.१ अधिक ०.७ ही बेरीज ०.८ न येता ०.७९९९९ अशी काहीतरी येते. ती खालच्या दहा सेंटांवर उतरवली की ८० सेंटांचे ७० होतात. रक्कम नेमकी डॉलरच्या काठावर असेल तर अख्खा डॉलर जातो, आणि लाभार्थी सात कोटींच्या वर आहेत. उपाय आहे: सगळे हिशेब पूर्णांकी सेंटांत करायचे. पण त्यासाठी नियम आधी माहीत हवा, आणि तो अनेकदा फक्त त्या जुन्या प्रोग्रॅममध्येच लिहिलेला असतो. पुण्या-मुंबईत ज्यांनी वायटूकेसाठी, म्हणजे सन २००० लागताना दोन आकडी सालामुळे येणारा घोळ टाळण्यासाठी, अशा प्रोग्रॅमची ओळन् ओळ वाचली, त्यांना हे सांगायला नको.

बाहेरचे लोक नकोतच, असे आमचे म्हणणे नाही. १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालेल्या हेल्थकेअर डॉट गव्ह या अमेरिकी सरकारच्या आरोग्य विमा नोंदणीच्या साइटवर पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी झाली होती. बाहेरून आलेल्या अभियंत्यांनी आधी साइट कुठे अडकते ते दाखवणारी मोजमाप यंत्रणा बसवली. रोज बैठका घेतल्या आणि तिथे हुद्द्याने मोठा नव्हे, तर त्या बिघाडाची सर्वाधिक माहिती असलेला माणूस बोलेल, असा दंडक घातला. नोव्हेंबरअखेर चारशेहून अधिक दोष दुरुस्त झाले. अशाच पद्धतीने सरकारी खात्यांना सॉफ्टवेअरच्या कामात मदत करणारे अमेरिकी सरकारचे १८एफ हे पथक मात्र १ मार्च २०२५ ला बंद करण्यात आले. आणि ‘डॉज’च्या बचतीच्या यादीत ८० लाख डॉलरचे कंत्राट ८०० कोटींचे म्हणून झळकले होते.

सेवार्थ (कर्मचाऱ्यांच्या पगाराची संगणक प्रणाली) किंवा निवृत्तिवेतनवाहिनीसाठी (पेन्शनची प्रणाली) राज्याने असे पथक नेमलेच, तर अटी आदेशातच लिहाव्यात. पहिले सहा महिने माहिती फक्त वाचण्याची परवानगी, बदलण्याची नाही. त्यानंतर जुनी व नवी यंत्रणा एकाच महिन्याच्या माहितीवर शेजारी-शेजारी चालवावी, पैसे जुनीनेच द्यावेत आणि खात्यागणिक रकमा ताडून प्रत्येक फरकाचे कारण लिहावे. कधीकधी चूक जुनीतही निघते. या काळात मार्चअखेर, ३१ मेची निवृत्ती, १ जुलैची वेतनवाढ आणि महागाई भत्त्याच्या थकबाकीचा किमान एक हप्ता आलाच पाहिजे, कारण गणित याच दिवसांत फसते. विचित्र दिसणाऱ्या नोंदीवर थेट कारवाई न करता आधी मूळ सेवापुस्तक काढून पाहावे. आणि ते सेवापुस्तक हाताळणारा वरिष्ठ लिपिक पहिल्या दिवसापासून पथकात हवा. निवृत्त झाला असेल तर त्याला मानधनावर बोलवावे.

– जुन्या संगणक यंत्रणांवर काम करणारे काही अभियंते, पुणे